स्वस्त मेकॅनिकल गेमिंग कीबोर्ड : स्विच ठीक आहे, त्याच्या भोवतीचे तपासा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात एकच संगणक आहे. मुलगा त्यावर दिवसा महाविद्यालयाचे प्रोग्रामिंग करतो आणि रात्री व्हॅलोरंट खेळतो. वडील त्याच संगणकावर टॅलीत हिशेब घालतात आणि सोसायटीचा पत्रव्यवहार मराठीत, इन्स्क्रिप्ट पद्धतीने टंकतात. अडीच हजारांच्या आसपास मिळणारा, निळ्या (म्हणजे दाबताना टकटक आवाज करणाऱ्या) स्विचचा, ८७ बटणांचा, रंगीत दिव्यांचा मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला, गेमिंग कीबोर्ड घ्यावा का, तो टिकेल का, आणि साधारण तेवढ्याच पैशांत टीव्हीएस गोल्ड हा कीबोर्ड घेतलेला बरा का? उदाहरणादाखल प्रश्नातच रेडरॅगन कंपनीच्या ‘के-५५२ कुमारा’चे नाव दिले आहे, आणि ते योग्यच आहे, कारण या किमतीच्या कीबोर्डांमधले गुण आणि दोष दोन्ही त्यात एकत्र पाहायला मिळतात.

माझे मत आधी सांगतो आणि मग कारणे देतो. कीबोर्ड जरूर घ्यावा. मात्र निळ्या स्विचचा घेऊ नये, आणि स्विच सोल्डर न करता काढता-घालता येतात, म्हणजे ज्याला बाजारात हॉटस्वॅप म्हणतात, असाच घ्यावा. या दोन अटी पाळल्या, तर बाकीच्या उणिवा थोड्या मेहनतीने आणि थोड्या पैशांत सांभाळून घेता येतात.

ग्राहकाला सर्वांत जास्त शंका असते ती स्विचबद्दल, आणि दुरुस्तीच्या टेबलावर मला सर्वांत कमी काळजी वाटते तीही स्विचचीच. चेरी या जर्मन कंपनीने १९८० च्या दशकात एमएक्स स्विच बाजारात आणला. त्यावरील पेटंटची मुदत संपल्यानंतर चीनमधील काइल्ह, गेटरॉन, औटेमू अशा कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच मोठ्या प्रमाणावर काढले, आणि म्हणूनच एकेकाळी बरीच महाग असलेली वस्तू आज अडीच हजारांत मिळते. कुमारामध्ये औटेमूचेच स्विच असतात. ते चेरीइतके गुळगुळीत चालत नाहीत, एकाच कीबोर्डवरील दोन बटणांच्या दाबात बोटाला जाणवेल इतका फरक कधीकधी आढळतो, पण काम करण्यात ते उणे नाहीत. खोक्यावर छापलेला ‘५ कोटी दाब’ हा आकडा मात्र मनावर घेण्याचे कारण नाही. दिवसाला ५,००० वेळा दाबले जाणारे बटण त्या हिशेबाने सुमारे २७ वर्षे चालले पाहिजे. प्रत्यक्षात कीबोर्ड बंद पडतो तो त्याच्या खूप आधी, आणि दाबांची संख्या संपली म्हणून कधीच नाही. तो बंद पडतो धुळीने, दमटपणाने, सांडलेल्या चहाने किंवा वायरीच्या मुळाशी तुटलेल्या तारेने.

यातील दमटपणाचा दोष नीट समजून घ्यावा, कारण आपल्याकडे, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्यात, तोच अधिक दिसतो. स्विचच्या आत धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. बटण दाबले की त्या एकमेकींना टेकतात. पण टेकताना क्षणभर थरथरतात, आणि काही मिलिसेकंद संपर्क जुळतो-तुटतो. कीबोर्डमधील चिप ही थरथर एकच दाब म्हणून मोजण्यासाठी थोडा वेळ, बहुधा ५ मिलिसेकंदांच्या आसपास, थांबते. पट्ट्यांवर गंजाचा किंवा धुळीचा सूक्ष्म थर बसला की थरथर लांबते, चिपने राखलेल्या वेळेबाहेर जाते आणि एका दाबाची दोन अक्षरे उमटतात. इंग्रजीत त्यामुळे एखादे अक्षर दोनदा येते. मराठीत तो दोष अधिक ठळक दिसतो: ‘पाणी’ लिहिताना काना दोनदा पडला की दुसरा काना ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून शब्दाच्या मधोमध उभा राहतो. पुष्कळ लोकांना तो फॉन्टचा बिघाड वाटतो आणि ते विंडोज पुन्हा टाकून घेतात. बिघाड एका बटणाखाली असतो.

प्रश्न विचारणाऱ्याच्या घरात हा दोष नेहमीपेक्षा लवकर येईल, याचे एक कारण कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही. खेळात चालण्यासाठी वापरली जाणारी डब्ल्यू, ए, एस आणि डी ही चार बटणे इन्स्क्रिप्टमध्ये अनुक्रमे ऐकार, ओकार, एकार आणि हलन्त यांची आहेत. शेजारचे ई हे कान्याचे आहे. म्हणजे मुलगा रात्रभर जी बटणे बडवणार, तीच वडिलांना प्रत्येक जोडाक्षराला आणि जवळजवळ प्रत्येक शब्दाला लागणार. उरलेला निम्मा कीबोर्ड नवा कोरा राहील आणि डाव्या हाताची ही पाच बटणे झिजतील. सोल्डर केलेल्या कीबोर्डमध्ये असा एक स्विच बदलायचा तर मागचे आवरण उघडून, दोन टाके वितळवून, जुना स्विच काढून नवा बसवावा लागतो. दिव्यांच्या कीबोर्डमध्ये एलईडीचे टाके वेगळे. कारागिराची मजुरी आणि त्याचा वेळ धरला तर अडीच हजारांच्या वस्तूवर तो खर्च परवडत नाही, आणि बहुतेक लोक कीबोर्ड टाकून देतात. हॉटस्वॅपमध्ये तेच काम चिमट्याने घरच्या घरी होते. शिवाय सुटा स्विच विकत आणण्याचीही गरज नसते: स्क्रोल लॉक आणि पॉज या बटणांना आयुष्यात कोणी हात लावत नाही, तेव्हा त्यांच्याखालचे दोन स्विच उपसून डी आणि ई खाली बसवावेत, आणि तिकडचे जुने इकडे घालावेत.

हॉटस्वॅप या शब्दातही एक मेख आहे. स्वस्त कीबोर्डांत दोन प्रकारच्या खाचा आढळतात. एका प्रकारात सर्किट बोर्डाच्या मागच्या बाजूला काळ्या प्लॅस्टिकची छोटी सॉकेट सोल्डर केलेली असतात, आणि त्यांत बाजारातील जवळपास कोणताही एमएक्स मापाचा स्विच बसतो. दुसऱ्या प्रकारात बोर्डाच्या भोकांतच धातूच्या बारीक नळ्या बसवलेल्या असतात. औटेमूच्या जुन्या पद्धतीच्या पिना इतरांपेक्षा बारीक असल्याने त्यांच्यासाठी केलेल्या या नळ्यांत गेटरॉन किंवा चेरीचा स्विच जात नाही, आणि जोर केला तर नळीच उखडते. त्यामुळे विक्रेत्याला ‘हॉटस्वॅप आहे का’ एवढेच विचारून थांबू नये, ‘यात कोणत्या कंपनीचे स्विच बसतात’ हेही विचारावे. त्याचबरोबर तीन पिनांचा आणि पाच पिनांचा असा भेद असतो. पाचांपैकी दोन नुसते प्लॅस्टिकचे पाय असतात आणि ते नेलकटरने कापले तरी चालतात. कुमाराच्या बाबतीत एकाच नावाखाली वेगवेगळ्या वेळी निघालेल्या आवृत्त्या विकल्या जातात आणि त्या एकसारख्या नाहीत, म्हणून वर्णन वाचून नव्हे, तर हाती येणाऱ्या खोक्यावर काय छापले आहे ते पाहून ठरवावे.

आता निळा स्विच का नको, ते सांगतो. चेरीच्या निळ्या स्विचमध्ये दाबाची नोंद २.२ मिलिमीटर खोलीवर होते, लाल (म्हणजे टकटक आणि अडथळा दोन्ही नसलेल्या) स्विचमध्ये २ मिलिमीटरवर. एवढ्याशा फरकाने कोणी सामना हरत नाही. अडचण परत येताना आहे. निळ्या स्विचमध्ये आवाज करणारा एक सुटा भाग असतो, आणि तो मूळ जागी यावा यासाठी बटण नोंदीच्या बिंदूच्या बरेच वर उचलावे लागते. लाल स्विच जिथे लागतो, साधारण तिथेच सुटतो. व्हॅलोरंटमध्ये डावीकडे धावताना अचानक थांबून गोळी झाडायची असते, म्हणजे ए सोडून क्षणभर डी दाबायचे असते, आणि तिथे बटण किती चटकन दाबले जाते यापेक्षा किती चटकन सुटते, याला महत्त्व असते. याच कारणाने स्पर्धेत खेळणारे लोक आता चुंबकीय स्विचकडे वळले आहेत, ज्यात सुटण्याचा बिंदू सॉफ्टवेअरने ठरवता येतो; त्यांच्या किमती उतरत आहेत, पण या अंदाजपत्रकात त्यांचा विचार मी सध्या करणार नाही.

दुसरे कारण घरगुती आहे. दोन खोल्यांच्या घरात रात्री अकरानंतर निळ्या स्विचचा कीबोर्ड वापरणे म्हणजे शेजारच्या खोलीत कोणी टाइपरायटर चालवत असल्यासारखे होते, आणि हेडफोनच्या मायक्रोफोनमधून तो टकटकाट मुलाच्या सहखेळाडूंनाही ऐकू जातो. टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीला मात्र दाबाची खूण बोटाला कळलेली आवडते, हे खरे आहे. त्यामुळे या घरासाठी मी तपकिरी स्विच सुचवेन: त्यात मध्यावर हलकासा अडथळा जाणवतो, टकटक होत नाही, आणि सुटण्याच्या बाबतीत तो निळ्यापेक्षा बराच बरा आहे. केवळ खेळासाठी घ्यायचा असता तर लाल म्हटले असते.

‘गेमिंग’ या विशेषणासाठी आपण नेमके कशाचे पैसे मोजतो, तेही पाहून घेऊ. १००० हर्ट्झ पोलिंग म्हणजे कीबोर्ड संगणकाला दर मिलिसेकंदाला आपली स्थिती कळवतो. साधा ऑफिसचा कीबोर्ड बहुधा १२५ हर्ट्झचा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी कळवणारा असतो. फरक खरा आहे, पण ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, तेव्हा घरात जुना मॉनिटर असेल तर त्या सात मिलिसेकंदांचा लाभ डोळ्यांपर्यंत क्वचितच पोहोचतो. शिवाय वर सांगितलेली थरथर झाकण्यासाठी चिप जो वेळ थांबते, तो पोलिंगच्या आकड्यात धरलेला नसतो. खोक्यावरील ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा म्हणून अर्धसत्य आहे. एकाच वेळी कितीही बटणे दाबली तरी सगळी नोंदली जावीत, हा गुण मात्र खरोखर उपयोगाचा आहे. रबरी घुमटाच्या साध्या कीबोर्डवर शिफ्ट, डब्ल्यू आणि स्पेस यांसारखी जोडणी एकदम दाबली तर कधीकधी तिसरे बटण गिळले जाते. प्रत्येक स्विचला स्वतंत्र डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेल्या कीबोर्डवर तसे होत नाही. मॅक्रोची, म्हणजे एका बटणावर अनेक दाब साठवण्याची, सोय आणि रंगांचे खेळ यांना मी काडीचेही महत्त्व देत नाही. कुमाराच्या स्वस्त आवृत्तीत तर प्रत्येक ओळीचा रंग ठरलेला असतो आणि तो बदलता येत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरही लागत नाही. हा मी गुणच समजतो, कारण अनोळखी कंपन्यांची कीबोर्ड सॉफ्टवेअरे कुठून तरी उतरवून घेण्याइतका धोका रंगांसाठी पत्करू नये.

प्रकाशाबद्दल मराठी टंकणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. दिवा बटणाच्या टोपणावरील पारदर्शक इंग्रजी अक्षरातून दिसतो. इन्स्क्रिप्टची अक्षरे असलेले स्टिकर त्यावर चिकटवले की प्रकाश अडतो आणि बोटांच्या तेलाने काही महिन्यांत स्टिकरच्या कडा उचलल्या जातात. वडिलांचा हात बसलेला असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर इन्स्क्रिप्टच्या मांडणीचा तक्ता छापून मॉनिटरखाली लावावा. स्टिकरपेक्षा तो जास्त टिकतो आणि हातही लवकर बसतो.

खरी काटकसर कंपनी कुठे करते, तर रुंद बटणांखाली. स्पेसबार, एन्टर, बॅकस्पेस आणि दोन्ही शिफ्ट एका बाजूने दाबली तरी सरळ खाली जावीत म्हणून त्यांच्याखाली पोलादी तारेचा एक स्टॅबिलायझर असतो. स्वस्त कीबोर्डमध्ये ही तार बहुधा कोरडी, बिनग्रीसची आणि किंचित पिळलेली येते. म्हणून साधी बटणे चांगली वाजतात आणि स्पेसबार मात्र पत्र्याच्या डब्यासारखा खडखडतो. इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ, ळ आणि सगळे मूळ स्वर शिफ्ट धरून येतात, त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याला ही खडखड इंग्रजीवाल्यापेक्षा कितीतरी जास्त सोसावी लागते. उपाय सोपा आहे. टोपण सरळ वर उचलून काढावे, तार दोन्ही खाचांतून सोडवावी आणि काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहावी. एक टोक काचेपासून अधांतरी राहिले तर हाताने हलकेच पिळून सरळ करावे. मग तारेच्या दोन्ही टोकांना बारीक ब्रशने सिलिकॉनचे डायलेक्ट्रिक ग्रीस लावून ती पुन्हा बसवावी. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे ग्रीस मिळते, आणि एक छोटी ट्यूब अनेक कीबोर्डांना पुरते. शिलाई मशीनचे तेल घालू नये. ते पसरते, धूळ धरते आणि शेजारच्या स्विचमध्ये उतरते. खोबरेल तेल घातलेले कीबोर्डही मी पाहिले आहेत. थंडीत ते गोठते आणि स्पेसबार सकाळी वर येत नाही.

टोपणांबाबत फार बोलण्यासारखे नाही. या किमतीत एबीएस प्लॅस्टिक मिळते, ते वर्षभरात बोटांखाली चकाकू लागते. अक्षर दोन रंगांच्या प्लॅस्टिकने ओतलेले असेल तर पुसले जात नाही. रंग देऊन लेझरने कोरलेले असेल तर ए आणि डी आधी पांढुरकी होतात. वायर बहुधा कायमची जोडलेली असते, कुमारामध्येही तशीच आहे. ती टेबलाच्या कडेवर दुमडून ठेवू नये एवढेच. बूड जाड आणि जड असल्याने खेळताना कीबोर्ड सरकत नाही, हा गुण. आणि त्याच उंचीमुळे मनगट वाकते, हा दोष. मागचे पाय उघडू नयेत, मनगटाखाली हवे तर टॉवेलाची घडी घ्यावी.

खरेदी करताना एक फसवणूक टाळावी. हजाराच्या आत ‘मेकॅनिकल फील’ किंवा ‘सेमी मेकॅनिकल’ असे लिहिलेले, हुबेहूब तसेच दिसणारे कीबोर्ड विकले जातात. एक टोपण काढून पाहावे: खाली अधिक चिन्हाच्या आकाराचा दांडा आणि त्याभोवती प्रत्येक बटणाचा स्वतंत्र, चौकोनी डबा दिसला तर तो मेकॅनिकल, प्लॅस्टिकच्या अखंड पत्र्यातून नुसती नळी वर आलेली असेल तर आत रबरच आहे.

टीव्हीएस गोल्डशी तुलना करताना दोघांची जात वेगळी आहे हे ध्यानात ठेवावे. गोल्डमध्ये निळे स्विच असतात, १०४ बटणे असतात, रुपयाचे चिन्ह छापलेले असते, आणि बिलिंग काउंटरपासून टंकलेखन संस्थांपर्यंत त्याने वर्षानुवर्षे काम दिले आहे. घरात केवळ वडील टंकणार असते तर मी दुसरे नावही घेतले नसते. परंतु त्याचा आवाज निळ्याचाच, दिवा नाही, स्विच सोल्डर केलेले, आणि रुंदी इतकी की मोठ्या हालचालीने माउस फिरवणाऱ्या खेळाडूला जागा उरत नाही. मुलासाठी ८७ बटणेच योग्य. टॅलीसाठी अंकांचा संच मात्र लागणारच. यूएसबीचा सुटा नमपॅड काही शे रुपयांत मिळतो, तो उजवीकडे ठेवावा आणि खेळताना उचलून बाजूला करावा. रुपयाचे चिन्ह छापलेले नसले तरी विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ मांडणी निवडली की उजवे ऑल्ट आणि ४ दाबून ते येते. म्हणून उजवे ऑल्ट काढून तिथे दुसरेच बटण दिलेली छोटी मॉडेले घेऊ नयेत.

कीबोर्ड घरी आल्यावर, परत करण्याची मुदत चालू असतानाच, रिकाम्या नोटपॅडमध्ये प्रत्येक बटण सावकाश आणि मग भरभर दाबून पाहावे. एकही अक्षर दोनदा उमटले तर स्विच बदलत बसू नये, कीबोर्डच बदलून मागावा. विंडोजचे बटण चालत नसेल किंवा डब्ल्यू दाबल्यावर बाणाच्या बटणासारखी हालचाल होत असेल, तर तो बिघाड नाही: या कीबोर्डांवर एफएन (Fn) बटणासोबत ठरावीक बटण दाबले की गेम मोड चालू-बंद होतो, आणि खोक्यातील चिठ्ठीत ते बटण दिलेले असते. ती चिठ्ठी आणि बिल जपून ठेवावे. हॉटस्वॅप असेल तर एफ १२ खालचा एक स्विच उपसून त्याच्या दोन्ही पिना सरळ आहेत ना आणि तो पुन्हा नीट बसतो ना, तेही त्याच दिवशी पाहून घ्यावे. सॉकेट सैल असेल तर ते तेव्हाच कळते.